कॉलेजात रोवलेला उंबर

आमच्या इतिहास विभागाच्या प्रदर्शनात त्या वर्षी एकाच राजमातेची सात चित्रं निघाली. विषय होता ‘महाराष्ट्र घडवणाऱ्या स्त्रिया’. प्रत्येकाने एक कार्डशीट आणायचं होतं. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं कार्डशीट बाकावर उलगडलं, तेव्हा सात राजमाता, जात्यावर बसलेल्या पाच संत कवयित्री आणि हातात पुस्तक घेतलेल्या चार शिक्षिका एका रांगेत आमच्याकडे बघत होत्या. सातांतली एक राजमाता माझी होती. शाळेच्या पुस्तकातून कार्बन पेपर ठेवून काढलेली. कार्बन मध्येच सरकला होता, त्यामुळे तिची एक भुवई दुसरीपेक्षा बरीच वर गेली होती आणि ती माझ्यावरच संशय घेत असल्यासारखी दिसत होती.

आम्ही एस.वाय.ला होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इतिहास शिकवणाऱ्या आमच्या मॅडम भिवंडीतल्याच, गावातल्या जुन्या घरातल्या. वडील कोर्टात कारकून होते, असं त्या सांगायच्या. त्यांनी रांगेवरून एक फेरी मारली आणि हसू दाबत म्हणाल्या, की या सगळ्या थोर आहेतच, त्यांच्यासमोर आपण हातच जोडायचे. पण आता प्रत्येकाने आणखी एक कार्ड करायचं. आपल्या भागातली एक बाई शोधायची, जिचं नाव पुस्तकात नाही, पण जिच्यावाचून इथल्या माणसांचं अडलं असतं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अशा वेळी मी बाकाखाली बघते. मी मानकोलीकडच्या आमच्या गावातून यायचे. घरात बोलणं ‘हाय’ आणि ‘न्हाय’चं. गाडीने अंजूरफाटा मागे टाकला की मी मनातल्या मनात ‘आहे’, ‘नाही’ घोकायला लागायचे. तरी वर्गात ‘मला’ऐवजी एखादा ‘मना’ तोंडून जाईल ही धास्ती असायची, म्हणून मी फारशी बोलतच नसे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. चुकले तर सुधारायला घरी कुणी नव्हतं.

त्या दिवशी मात्र मॅडम माझ्या बाकाशी येऊन थांबल्या. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे लग्नं बाई लावते.”

“जुळवते,” पुढच्या बाकावरच्या मुलाने मला सुधारलं.

“नाही, लावते. भटजी लावतात तशी.”

दोघे-तिघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कोण बाई? मी सांगितलं, माझी आत्या. मग त्यांनी इतके प्रश्न विचारले की आधी कधी बोलले नव्हते तेवढं मी त्या तासाला बोलले. आम्हा आगरी लोकांत लग्नविधी सांगणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. ती गाण्यांतून लग्न लावते. त्या गाण्यांना धवले म्हणायचं. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत कशानंतर काय करायचं, कुणी कुठे बसायचं, कुठल्या देवाला आधी बोलवायचं, हे सगळं त्या धवल्यांत असतं. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने ते तिच्याआधीच्या धवलारणीकडून ऐकून पाठ केलं आणि त्या बाईने आणखी कुणाकडून.

“आणि त्या सधवा असाव्या लागतात ना?” मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, तसं काही नाही. आत्या विशीतच विधवा होऊन माहेरी आली. तिला शिकवणारीही विधवाच होती. नवरा-नवरी दोघं सगळ्यात आधी तिच्या पाया पडतात.

मॅडमनी हातातला खडू माझ्या बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, “मी इथेच जन्मले. मंडईपासून तीन बत्तीपर्यंत माझ्या पायाखालचं आहे. गावापासून चार मैलांवर हे चालतं आणि मी तुम्हाला पुरोहित म्हणजे पुरुष असं शिकवते.” प्रदर्शनाचं उद्घाटन आत्याच्याच हातून करायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. शाल, नारळ, प्राचार्यांच्या हस्ते सत्कार आणि जमलं तर एक धवला. मी हो म्हणून बसले.

हो म्हणण्यामागे माझा एक हेतू होता, तो मी मॅडमना सांगितला नाही. प्रदर्शनानंतर आठव्या दिवशी आमच्या दादूसचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं लग्न होतं. आणि त्या लग्नात आत्या धवलारीण नव्हती.

नवरी पडघ्याची होती. तिच्या वडिलांचं हायवेला गोडाऊन होतं, दोन ट्रक होते. त्यांनी बोलणीतच सांगितलं होतं की लग्न भटजी लावतील, माईक लावून, त्यांच्या ओळखीची मोठी माणसं येणार आहेत. बाबांनी मान डोलावली. बाबा टेम्पो चालवायचे, कामतघरच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, सूत गुंडाळलेले बीम पोचवायचे आणि पावसाळ्यात शेती करायचे. भांडणारा माणूस नव्हे. रात्री जेवताना आईने विचारलं, बायचं काय? बाबा आपल्या थोरल्या बहिणीला ‘बाय’ म्हणायचे, म्हणून आईही तेच म्हणायची. बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, “पोरगी कॉलेजात जातंय. आथा घरात पन सुदरनूक दिसाला पायजे.”

आत्याने ज्यांची ज्यांची लग्नं लावली त्यांत माझे आईबाबाही होते. आणि आता तिला मांडवातून उठवण्यासाठी माझं कॉलेज कारण म्हणून पुढे आलं होतं.

आत्याने त्यावरून भांडण काढलं नाही. ती रोज पहाटे वालाच्या शेंगांची पाटी घेऊन भिवंडीच्या बाजारात जायची, तशी जात राहिली. आईने एकदा विषय काढला तर म्हणाली, “बरं हाय की. मी पाव्हनीसारखी बसन. पापड मोडन, भटजीचं ऐकन.” आणि खरंच हसली. पण त्या आठवड्यात तिने दोनदा भात करपवला. आत्याच्या हातचा भात करपलेला मी त्याआधी कधी खाल्ला नव्हता.

मला वाटलं होतं, बाबांच्या देखत प्राचार्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, तर बाबांचं मन फिरेल. ज्या कॉलेजासाठी आत्याला बाजूला केलं, त्याच कॉलेजाने तिला पुढे बसवलं, तर त्यांच्याजवळ बोलायला काय उरेल? एवढाच माझा बेत होता.

आधी आत्याला तयार करणं आलं. “माजा कॉलेजात काय काम? मना फी भराला सांगतील,” ती म्हणाली. नारळ फोडायचाय म्हटल्यावर ती कबूल झाली. नारळ फोडायला ती कुठेही जायची. पण धवल्याचं नाव काढताच तिने हात झटकला. “मांडव न्हाय, नवरा न्हाय, नवरी न्हाय. धवला कुनाला सांगू? बाकड्यांना?” पहिल्या धवल्यात देवांना बोलावणं असतं. एकवीरा आई, गावदेवी, सूर्य, चंद्र, खाडीचं पाणी, सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं. आणि ते आले की लग्न लागून हळद उतरेपर्यंत त्यांना सोडून उठायचं नाही. ज्या बाईने बोलावलं तिनेच शेवटपर्यंत बसायचं, असा तिचा नियम होता, तिला शिकवणारीचाही होता. तापाने फणफणलेली असताना ती अशी एका लग्नात दोन दिवस बसली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मॅडमना सांगितलं, आत्या गाणार नाहीत. त्या म्हणाल्या, हरकत नाही, त्या आल्या म्हणजे झालं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण हॉलमध्ये माझ्या वाट्याला आलेला कोपरा मला फार रिकामा वाटायला लागला. शेजारच्या दोघांनी थर्माकोलचा किल्ला केला होता, त्याला बुरूज होते, वर कागदी झेंडा होता. माझ्याकडे एक कार्डशीट, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘धवलारीण’. तेव्हा मी ठरवलं की छोटा मांडव उभारायचा. चार बांबू बांधले, आंब्याचे डहाळे लावले, ताटात हळद आणि तांदूळ ठेवले, समई लावली. आणि आमच्याकडे मांडव ज्याशिवाय पुरा होत नाही, ती उंबराची फांदी घरामागच्या झाडाची तोडून आणली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून तिच्यात रोवली. किल्ला खोटा, तसा माझा मांडवही खोटा, असं मी धरून चालले होते. मॅडमना तो फार आवडला. मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबांनी आत्याला टेम्पोतून आणलं. बरोबर गावातल्या चार बायका होत्या, त्याही धवल्याला मागून सूर धरणाऱ्या. सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. बाबा टेम्पोच्या कपड्यांत होते, म्हणून हॉलच्या दाराशीच उभे राहिले. आत्याने नारळ एका फटक्यात फोडला, त्यावर टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी शाल घातली, चार शब्द चांगले बोलले. आत्या शाल सावरून हात जोडून उभी होती. मी दाराकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली होती. माझा बेत जमत आला असं मला वाटलं.

मग मॅडम आत्याला प्रदर्शन दाखवायला घेऊन निघाल्या. सात राजमाता बघून आत्याने विचारलं, या सगळ्या बहिणी का? माझ्या वाकड्या भुवईच्या राजमातेपाशी ती जरा जास्त थांबली. मग किल्ला झाला आणि ती माझ्या कोपऱ्याशी आली.

ती उभीच राहिली.

“हा उंबर कुनी आनला?”

“मी,” मी म्हटलं.

“लगीन कुनाचं हाय?”

कुणीतरी खुदकन हसलं. प्राचार्य समजावणीच्या सुरात म्हणाले, “आजी, कुणाचं नाही. हे प्रदर्शनापुरतं आहे.”

“उंबराला परदर्शन कलतं का, सायेब?”

मागच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. त्यांतल्या एकीने मला हळूच दंडाला धरून विचारलं, तुला कुणी सांगितलं नव्हतं का? उंबर रोवला, दिवा लागला, हळद मांडली आणि लग्न झालं नाही, तर तो मांडव तसाच राहतो. उघडा. असला मांडव कुणी मागे सोडून जात नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण असला प्रश्न कधी आलाच नव्हता. उंबर लग्नाशिवाय कुणी रोवतच नाही. आमच्या घरातली लहान पोरंसुद्धा खेळात बाहुलीच्या लग्नाला उंबर तोडत नाहीत. शेवग्याची फांदी घेतात. हे मला पाठ होतं आणि तरी मी विसरले होते. मॅडम माझ्याकडे आणि आत्याकडे आळीपाळीने बघत होत्या.

आत्या मात्र चिडली नव्हती. तिने फांदीचं एक पान उलटून पाहिलं.

“कंच्या झाडाचा?”

“आपल्या. घरामागच्या.”

“हलद कुनाच्या घरची?”

“आपलीच. आईच्या डब्यातली.”

“तांदूल?”

“आपलेच.”

“मंग इचारतंय कशाला,” ती स्वतःशीच म्हणाली आणि वळली. सगळा हॉल ओलांडून तिने दाराकडे बघितलं. “भाऊ, तुज्या लेकीनं तुज्या पोराचा मांडव हितं घातला. आथा देवाना बोलवू का तसाच ठेवू?”

तिच्याबरोबर सगळ्यांनीच मागे वळून पाहिलं. बाबा दारात उभे होते, हातात टेम्पोची किल्ली. बाबांना तिचा नियम माझ्याहून जास्त माहीत होता. तिने देवांना बोलावलं, की लग्न पुरं होईपर्यंत तिला उठवता येणार नव्हतं, कुणालाच. नको म्हणावं, तर पोराच्या नावाचा उघडा मांडव इथे राहणार होता. बाबांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“भटजीला काय सांगू, बाय?”

“सांग, देव आगुदरच आलंत. तू मागून ये.”

आधी मॅडम हसल्या, मग प्राचार्य, मग सगळेच. बाबा हसत नव्हते, पण त्यांचे खांदे सैल झाले, हे मला एवढ्या लांबूनही दिसलं. ते म्हणाले, “बोलव.”

आत्या शाल बाजूला ठेवून मांडवात बसली. चौघी तिच्यामागे. तिने डोळे मिटून सुरुवात केली आणि हॉलमधली खुसपूस थांबली. तो आवाज गोड नव्हता. बाजारात पाटीवर बसून ओरडणाऱ्या बाईचा आवाज होता, जरा फाटका, पण न अडखळणारा. देव आले. मग खाडी आली, शेताचे बांध आले. मग तिने आमच्या घरातल्या बायकांना बोलवायला सुरुवात केली. माझ्या आजीला, तिच्या सासूला, त्या सासूच्या सासूला. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावची लेक ते, आणि तिचं काहीतरी एक. कुणी खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीचा बांध फुटला तेव्हा रात्रभर माती टाकली होती. कुणी दुष्काळात बियाण्याचा भात लपवून ठेवला होता. मी आमचा सातबारा पाहिला होता, फॉर्मसाठी लागला होता तेव्हा. त्यात सगळी पुरुषांची नावं. यातली एकही बाई मी कधी कुठल्या कागदावर पाहिली नव्हती. ती नावं मी इथेही लिहीत नाही. ती मांडवातच घ्यायची असतात.

माझ्या शेजारचा किल्लेवाला मुलगा, ज्याने मला ‘जुळवते’ म्हणून सुधारलं होतं, तो कार्डशीटच्या पाठीवर भराभर काहीतरी लिहून घेत होता. मॅडम खाली जमिनीवर बसल्या होत्या, चांगली साडी नेसून.

धवला संपला आणि आत्या म्हणाली, आता उंबर घरी न्यायचा, देव त्याच्याबरोबर येतील आणि लग्न होईपर्यंत मी त्यांच्यापाशीच राहीन. तो टेम्पोत चढवला. बायका त्याच्याभोवती हौद्यात बसल्या, मी पण बसले. भिवंडीतून तो टेम्पो जात असताना त्या गात होत्या. कामतघरच्या नाक्यावर ट्रक आडवा आला होता म्हणून आम्ही बराच वेळ उभे राहिलो. चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटलेले लूमवाले उभे होते. त्यांतल्या एकाने विचारलं, “अम्मा, किसकी शादी है?” आमच्यातली एक म्हणाली, “कॉलेज की.” त्याने अगदी गंभीरपणे मुबारक हो म्हटलं.

ही एवढी गंमत आम्हाला जड गेली. टपरीवर ट्रकवालेही होते, ट्रक नाशिकच्या बाजूला जातात आणि पडघा वाटेवरच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीचे वडील जीप घेऊन आमच्या दारात. त्यांच्यापर्यंत पोचलेली बातमी अशी होती की नवऱ्या मुलाने कॉलेजात लग्न केलं.

ते ओटीवर बसायलाही तयार नव्हते. दादूस त्या वेळी मागच्या दारी टेम्पो धूत होता. तो चड्डी-बनियनवर, साबणाच्या हाताने पुढे आला आणि विचारलं, “कुनाचं लगीन झालं?” त्याच्याकडे बघूनच व्याह्यांचा अर्धा राग गेला असावा. लग्न करून आलेला माणूस तसा दिसत नाही.

बाकीचा अर्धा राग आत्याने घेतला. तिने सगळी हकिगत सरळ सांगितली, माझी चूकसुद्धा. व्याही ऐकत होते. मग म्हणाले, देव बोलावलेत तर त्यांना परत पाठवा असं मी म्हणणार नाही, मीही आगऱ्याचाच आहे. तुम्ही तुमचं सांगा. पण भटजी येतील, मुहूर्तावर मंगलाष्टका तेच म्हणतील आणि माईक त्यांच्यासमोर राहील. आपली माणसं मोठी आहेत, काय म्हणतील? आत्या म्हणाली, राहू दे की, तो माईक मला कशाला. व्याह्यांना इतक्या लवकर जिंकल्यासारखं वाटलं, की ते चहाला थांबले.

कप खाली ठेवता ठेवता आत्याने त्यांना विचारलं, “तुज्या आईचं नाव काय?”

त्यांनी सांगितलं.

“तिच्या सासूचं? म्हंजे तुज्या आजीचं?”

त्यांनी कपाळाला हात लावला. “आजीच म्हनायचो,” ते म्हणाले. “इचारून सांगतो.” निघताना जीपमध्ये बसून त्यांनी गाडी लगेच सुरू केली नाही, हे मला आठवतं.

दोन दिवसांनी त्यांचा एक ट्रक हायवेने जाताना मानकोलीला थांबला. ड्रायव्हरने गावात येऊन एक चिठ्ठी दिली. पेन्सिलीने चार नावं लिहिलेली, प्रत्येकीपुढे माहेरचं गाव, आणि दोघींपुढे एकेक ओळ. मी ती आत्याला तीनदा वाचून दाखवली. चौथ्यांदा तिने थांबवलं आणि चिठ्ठी चुलीजवळच्या डब्याखाली ठेवून दिली. तिला ती पुन्हा लागणार नव्हती.

लग्न आमच्याच दारात होतं. मॅडम आल्या आणि वर्गातले निम्मे जण एसटीने आले. मी त्यांना सारखी पाणी विचारत होते, कारण दुसरं काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. घरात आज ‘हाय’ बोलायचं की ‘आहे’, हाही घोळ होताच. मी एका मैत्रिणीला “जेवाचा हाय ना?” विचारून बसले. ती म्हणाली, “हाय.” कुणीच हसलं नाही.

भटजी वेळेवर आले. साधा, शांत माणूस होता. व्याह्यांनी त्यांना मानाने बसवलं, समोर माईक लावला. पाहुणे मंडळी खुर्च्यांवर. आत्या मांडवाच्या आतल्या बाजूला, उंबरापाशी, चौघींना घेऊन बसली होती. नवरा-नवरी पाटावर. मुहूर्ताला अजून अवकाश होता आणि तिने तिचं सुरू केलं. माईकवाला मुलगा मध्ये मध्ये ‘हॅलो, हॅलो’ करत होता, तरी ती थांबत नव्हती. खुर्च्यांवरची मोठी माणसं आधी आपापसांत बोलत होती.

आमच्याकडच्या बायका होऊन गेल्या आणि ती पडघ्याकडे वळली. व्याही तेव्हा कुणाला तरी पुढची खुर्ची देत होते. आत्याने त्यांच्या आईचं नाव घेतलं, माहेरचं गाव घेतलं. ते जरा थबकले आणि पुन्हा कामाला लागले. मग तिने त्यांच्या आजीला बोलावलं. नावाने. आणि चिठ्ठीतली ती ओळ गायली, की हायवे होण्याआधीच्या चिखलाच्या रस्त्याने ही बाई डोक्यावर भाताचं ओझं आणि कडेवर मूल घेऊन बाजाराला जायची. ते मूल म्हणजे व्याह्यांचे वडील.

व्याही हातातली खुर्ची धरूनच उभे राहिले. मग त्याच खुर्चीवर बसले, जी त्यांनी पाहुण्यासाठी आणली होती. त्यांच्या घरच्या दोन म्हाताऱ्या बायका उठून पुढे आल्या आणि आत्याच्या मागे सूर धरायला बसल्या. खुर्च्यांवरचं बोलणं थांबलं होतं. मॅडम माझ्याशेजारी होत्या. त्यांनी वही उघडली होती, पण त्या लिहीत नव्हत्या.

व्याही उठले ते सरळ भटजींकडे गेले. काहीतरी हळू बोलले. भटजींनी मान डोलावली. व्याह्यांनी माईकचा दांडा उचलला, मांडव ओलांडून आत्यासमोर आणून ठेवला आणि मागे सरकले. त्यांच्या पाहुण्यांनाही ते ऐकू जायला हवं होतं.

आत्याने गाणं न थांबवता एका हाताने तो दांडा बाजूला केला. कडवं संपल्यावर म्हणाली, “ऱ्हाऊ दे तिकडं. माज्या गल्यान आवाज हाय.”

मग माईक पुन्हा भटजींपुढे गेला. बाबा एका कोपऱ्यात उभे होते, तोंड पुसत. तेवढ्यात भटजी पाटावरून उठले, माईकवर हात ठेवून आत्याकडे जरासे झुकले आणि हळूच विचारलं, “आजी, मुहूर्ताला पाच मिनिटं आहेत. मी सुरू करू का?”

आत्याने नव्या नवरीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“थांब रं बाबा,” ती म्हणाली. “हिच्या खापरपनजीचं नाव ऱ्हायलंय.”

आणि भटजी खाली बसले.